छोट्या जहाजातून स्वालबार्डची प्रदक्षिणा: मराठवाड्यातून निघणाऱ्यांनी करायची तयारी

नॉर्वेच्या उत्तरेला ७४ ते ८१ अंश अक्षांशांच्या दरम्यान स्वालबार्डचा द्वीपसमूह आहे. त्यातलं सर्वांत मोठं बेट स्पिट्सबर्गन. छोट्या जहाजातून त्याला पूर्ण वळसा घालायला साधारण दहा दिवस लागतात. क्रूझ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे पोहण्याचे तलाव, नाचगाणी आणि खरेदीची दुकानं इथे विसरा. जहाजावर झोपायचं आणि जेवायचं. बाकी सगळं रबरी बोटीतून किंवा पायी बघायचं. दिवसातून दोनदा त्या बोटीत चढायचं-उतरायचं, गुडघ्याच्या खालपर्यंत पाण्यात पाय टाकायचा आणि ओल्या दगडगोट्यांवरून चालायचं. मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे या गोष्टींची सवय आपल्याला घरीच लावून घ्यावी लागते. ती लावता येते, फक्त वेळेत सुरुवात करायला हवी.

कधी जायचं

स्पिट्सबर्गनच्या ईशान्येचा समुद्रातला बर्फ बहुतेक वर्षी जुलैच्या मध्यापर्यंत वाट अडवून असतो. म्हणून पूर्ण प्रदक्षिणेच्या फेऱ्या जुलैचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरची सुरुवात एवढ्याच काळात असतात. जूनमध्ये जाणारी जहाजं बहुधा पश्चिम आणि उत्तर किनाराच करतात. बर्फ आणि अस्वलं बघायला जून वाईट नाही, पण त्याला कुणी प्रदक्षिणा म्हणत असेल तर नकाशावर मार्ग काढून दाखवायला सांगा.

शेती असणाऱ्यांना हा काळ तसा सोयीचा, सोयाबीन-कपाशीची पेरणी उरकलेली असते. अडचण मुंबईची आहे. ऐन पावसात लोहमार्गावर पाणी साचतं, कसारा घाटात दरड येते आणि नांदेड-जालना-संभाजीनगरहून निघालेली गाडी रखडते. विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचाल असं तिकीट काढा. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघून त्याच सकाळचं आंतरराष्ट्रीय विमान धरायचा हिशेब जुलैत करू नका. पुढेही तीच काळजी. लाँगइयरब्येन हे जहाज सुटण्याचं गाव, ओस्लोपासून विमानाने सुमारे तीन तासांवर. तिथे किमान एक रात्र आधी पोहोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही आणि मागून गाठता येईल असं पुढे बंदरही नाही.

जहाज निवडताना

माहितीपत्रकात केबिनचे फोटो मोठे आणि बोटींची संख्या बारीक अक्षरात असते. आपण वाचायचं ते उलट्या क्रमाने. एजंटला आधी हे विचारा: प्रवासी किती, गाइड किती आणि रबरी बोटी किती? एका बोटीत साधारण दहा ते बारा जण बसतात. शंभर प्रवाशांना आठच बोटी असतील तर सगळे एका वेळी पाण्यात उतरू शकत नाहीत. मग काही जण जहाजावर वाट बघतात आणि प्रत्येकाचा किनाऱ्यावरचा वेळ कमी होतो. दुसरा प्रश्न जहाजाच्या आइस क्लासचा, म्हणजे बर्फात शिरण्याइतकं ते मजबूत आहे का. शिडाची १२ ते २० माणसांची जहाजंही असतात. किनाऱ्याच्या दृष्टीने ती उत्तम, पण हेलकावे जास्त आणि जागा कमी. पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्याला आमचा सल्ला पन्नास ते सव्वाशे प्रवाशांच्या जहाजाचा राहील.

१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवेश नाही आणि त्या भागात प्रवासी उतरवायला ४३ ठिकाणंच ठरवून दिली आहेत. जुन्या प्रवासवर्णनांत किंवा चित्रफितींत दिसलेली एखादी जागा कार्यक्रमात नसेल तर एजंटशी भांडून उपयोग नाही.

केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्याजवळची घ्या. ती स्वस्त असते आणि सगळ्यांत कमी हलते. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीला जास्त पैसे मोजणारे वादळात जास्त झोके खातात.

करार नीट वाचा. 'मार्ग कप्तानाच्या निर्णयानुसार बदलेल' हे वाक्य त्यात असणारच आणि ते खरंही असतं. पूर्वेला बर्फ दाटला तर जहाज हिन्लोपेनच्या सामुद्रधुनीतून मागे फिरतं आणि प्रदक्षिणा अर्ध्यावर राहते. त्यासाठी पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रं

'स्वालबार्डला व्हिसा लागत नाही' असं सांगणारा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे आणि तिथे उतरायला व्हिसा लागत नाही. मात्र जायची वाट ओस्लो किंवा ट्रॉम्सोवरून, म्हणजे शेंगेनमधून आहे. ओस्लोला उतरलात की एक प्रवेश झाला. लाँगइयरब्येनच्या विमानात बसताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. म्हणजे प्रवेश दोन झाले. एकाच प्रवेशाचा व्हिसा हातात पडला तर परतीची वाट बंद. अर्जात दोन किंवा अनेक प्रवेश मागा, सोबत जहाजाचं आणि स्वालबार्डच्या विमानाचं आरक्षण जोडा. व्हिसा हातात आल्यावर 'एंट्रीज'च्या रकान्यात ०१ आहे की ०२ की मल्टी, हे तिथल्या तिथे बघा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने निकाल १५ दिवसांत, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्याची गर्दी धरून मार्च-एप्रिलमध्येच अर्ज द्या. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. उत्पन्न मुख्यतः शेतीचं असेल तर बँकेच्या खातेउताऱ्याला सातबारा आणि आठ-अच्या इंग्रजी भाषांतराची जोड द्या. परत येण्याचं कारण त्यातून दिसतं. बोटांचे ठसे द्यावे लागतात. कष्टाच्या हातांचे ठसे पुसट येतात, म्हणून आधी आठवडाभर रात्री व्हॅसलीन लावा.

विमा हा व्हिसापुरता कागद समजू नका. शेंगेनची अट ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाची आहे. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला हलवतात. त्याआधी जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलावं लागलं तर तो खर्च वेगळाच. पॉलिसीत आर्क्टिक, समुद्रप्रवास आणि आपत्कालीन स्थलांतर हे तीनही लिहिलेले हवेत. रक्तदाब, मधुमेह, बायपास काहीही असो, ते जाहीर करा. लपवलेल्या आजारावर दावा फेटाळला जातो.

पाय

स्वालबार्डच्या किनाऱ्यावर वाट नसते. गोल दगड, भिजलेलं शेवाळ, चिखल, मध्येच बर्फ. या चालीच्या सगळ्यांत जवळचं म्हणजे नांगरलेलं काळं रान. ढेकळांतून गमबूट घालून चालायचा सराव करा. निघण्याआधी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, सुरुवातीला वीस मिनिटं आणि शेवटी तासभर. गमबुटात टाच उचलली जाते आणि घोट्याला आधार मिळत नाही. रस्त्यावर रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याचीही पिंढरी इथे भरते.

दुसरा सराव पायऱ्यांचा. देवगिरीचा किल्ला जवळ असेल तर उत्तम, नाहीतर कुठलीही चार मजली इमारत. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या, कारण जहाजाच्या बाजूची शिडी उतरूनच बोटीत जायचं असतं आणि ती हलत असते. तिसरा सराव हास्यास्पद वाटेल, पण करा. गुडघ्याएवढ्या ओट्यावर बसायचं, हातांचा आधार घेऊन दोन्ही पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि उभं राहायचं. रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरणं म्हणजे नेमकं हेच. साठीच्या पुढच्या माणसाला हे दहा वेळा विनासायास जमत असेल तर बोटीची चिंता नको.

कपडे

जुलैत तिथे तापमान ३ ते ७ अंशांच्या आसपास असतं. आकडा ऐकून फार वाटत नाही, पण धावत्या बोटीत वारा लागतो, तुषार उडतात आणि तासभर हालचाल नसते. थंडी वाजते ती ओलेपणाने आणि वाऱ्याने. म्हणून एक जाड कोट नको, तीन थर हवेत. अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिकचा पातळ थर, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार सिंथेटिक कापड), सगळ्यांत वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट-पँट. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा. सूत घाम पिऊन बसतं, वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. आपल्या उन्हाळ्यात त्याचा जो गुण, तोच तिथे दोष.

दहा दिवसांना पुरेल असा हिशेब: अंगालगतचे जोड ३, फ्लीस २, लोकरी मोजे ५ जोड, आतले पातळ मोजे ३ जोड, कानटोपी २, गळपट्टी १, पातळ हातमोजे २ जोड आणि त्यावर घालायचे जलरोधक १ जोड. हातमोजे जादा हवेतच, कारण एक तरी समुद्रात पडतो. वरची पँट जलरोधक हवी, 'वॉटर रेझिस्टंट' पुरत नाही. ती गमबुटाच्या बाहेरून सोडायची. बुटात खोचली तर लाट थेट बुटात ओतते आणि पुढचे दोन तास पाय बधिर. गमबूट बहुतेक जहाजं देतात, काही जण जॅकेटही देतात. मापं आधी कळवा आणि दोन्हींबद्दल लेखी उत्तर घ्या. लाँगइयरब्येनच्या संग्रहालयात आणि काही हॉटेलांत बूट दारातच काढायची पद्धत आहे. खाण कामगारांच्या कोळशाने माखलेल्या बुटांपासून ती चालत आली. मोज्याला भोक नसलेलं बरं.

उन्हाळ्यात लाँगइयरब्येनला २० एप्रिल ते २२ ऑगस्टच्या सुमारास सूर्य मावळतच नाही. डोळ्यांवरची पट्टी आणि गॉगल दोन्ही घ्या.

बॅगेची आणखी एक तयारी सामानाइतकीच महत्त्वाची आहे: साफसफाई. बाहेरचं बी तिथे रुजू नये म्हणून उतरण्याआधी गाइड सगळ्यांचे कपडे, बॅगा आणि तिवईचे पाय तपासतात. आपल्याकडचं कुसळ, गोखरू, गाजरगवताचं बी विजारीच्या दुमडीत, बुटाच्या नाडीत आणि वेल्क्रोत हमखास अडकलेलं असतं. गमबूट रानात वापरलेले असतील तर तळव्यातली काळी माती सुईने कोरून काढा आणि बूट ब्रशने धुवा. वेल्क्रो चिमट्याने साफ करा. हे घरी केलं नाही तर जहाजावर सगळ्यांसमोर बसून करावं लागतं.

बोटीत चढताना, उतरताना

सूचना झाल्यावर कपडे चढवायला वीस मिनिटं धरा, पण बाहेरचं जॅकेट शिडीजवळ गेल्यावरच बंद करा. गरम कॉरिडॉरमध्ये पूर्ण कपड्यांत उभं राहिलं की घाम येतो आणि बाहेर तोच घाम गारठवतो. फुगणारं लाइफ जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वर घाला. ते पाण्यात पडताच आपोआप फुगतं, जॅकेटच्या आत असेल तर छाती आवळतं. मांड्यांमधला पट्टा लावायला विसरू नका, नाहीतर पाण्यात जॅकेट वर जातं आणि माणूस खाली.

दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा बॅगेत, बॅग पाठीवर, मोबाइल चेन असलेल्या खिशात. खलाशी हात पुढे करेल तेव्हा पंजात पंजा द्यायचा नाही. त्याचं मनगट तुम्ही धरा, तुमचं तो धरेल. ओले पंजे सुटतात, ही पकड एकाने सोडली तरी टिकते. मग एक पाय बोटीच्या फुगीर कडेवर, दुसरा आतल्या पायरीवर किंवा तळावर, लगेच बसायचं आणि बसल्या बसल्या सरकायचं. लाट बोट वर आणते त्या क्षणी पाऊल टाका. कधी, ते खलाशी सांगतो. तो 'थांबा' म्हणाला तर उचललेला पायही मागे घ्या. बोटीत उभं राहायचं असेल तर चालकाला विचारून. मंडळी सगळ्यांत जास्त चुकतात ती फोटोपायी: अस्वल दिसलं की एका बाजूचे सहाही जण उठतात.

किनाऱ्यावर उतरताना बोटीचं नाक वाळूत टेकवलेलं असतं. पुढे सरकायचं, ओट्यावरच्या सरावाप्रमाणे पाय बाहेर टाकायचे आणि दोन लाटांच्या मधल्या वेळात उभं राहायचं. उडी नाही.

किनाऱ्यावरचे नियम आणि त्यांची कारणं

गाइडकडे बंदूक असते. ती ध्रुवीय अस्वलापासून बचावाची शेवटची सोय. पहिली सोय म्हणजे गटाने एकत्र राहणं. लघवीला आडोसा शोधत टेकाडामागे जायचं नाही, जहाजावरच जाऊन या. अस्वल दिसलं तर किनारा लगेच सोडायचा, कितीही पैसे भरलेले असोत. १ मार्च ते ३० जून अस्वलापासून ५०० मीटर आणि उरलेल्या काळात ३०० मीटर अंतर राखण्याचं बंधन आहे. साध्या मोबाइलमध्ये तिथून पिवळट ठिपकाच येईल. ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्या. घरटी एक पुरत नाही, माणशी एक.

वॉलरस (लांब सुळ्यांचे अवजड समुद्री प्राणी) पहुडलेल्या किनाऱ्यापासून बोटींना १५० मीटर लांब राहावं लागतं. ते बिचकून एकदम पाण्याकडे धावले तर पिल्लं चिरडली जातात. हिमनदीच्या तोंडापासून बोट किमान २०० मीटर दूर ठेवतात. कडा कोसळल्यावर आधी आवाज येतो आणि मग लाट. चालक बोटीचं नाक लाटेकडे वळवतो, तेव्हा हात दोरीवर हवेत. हिमनदीसमोरच्या वाळूवर फोटोला थांबू नका, लाट तिथेच जोरात येते.

१९४६ पूर्वीची माणसाने सोडलेली प्रत्येक वस्तू कायद्याने संरक्षित आहे. गंजका खिळा, फुटकी बाटली, देवमाशाची हाडं, काहीच उचलायचं नाही, हलवायचंही नाही.

वाटेवरची ठिकाणं

उत्तरेकडे निघालेलं जहाज बहुधा आधी कोंग्सफ्योर्डच्या खाडीत, न्यू-ऑलेसुंड या संशोधन गावाजवळ थांबतं. भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून इथे आहे. गोव्यातली ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था ते चालवते. आत प्रवेश मिळत नाही, बाहेरून बघायचं. इथल्या उपकरणांना अडथळा होऊ नये म्हणून २० किलोमीटरच्या परिघात वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. मोबाइल विमान-स्थितीत टाका आणि स्मार्ट घड्याळ विसरू नका, तेच नेहमी राहतं. गावात रस्ता सोडू नका. कडेला आर्क्टिक सुरयांची घरटी असतात. जायकवाडीवर दिसणाऱ्या नदी सुरयाचा हा भाऊबंद थेट डोक्यात चोच मारतो. हात किंवा काठी डोक्याच्या वर धरा, तो सगळ्यांत उंच टोकावरच झडप घालतो.

८० अंश ओलांडल्यावर मोफेन हे वॉलरसांचं सपाट बेट, मग सात बेटांचा समूह आणि तिथून हिन्लोपेन. त्या सामुद्रधुनीतला आल्केफ्येलेटचा कडा हा या प्रदक्षिणेचा कळस म्हणावा लागेल. काळ्या खडकाच्या उभ्या खांबांवर ब्रूनिखच्या गिलेमॉट पक्ष्यांची हजारो जोडपी दाटीवाटीने बसलेली असतात. टोपी घाला आणि वर बघताना तोंड बंद ठेवा, कारण सांगायला नको. पुढे ब्रोसवेलब्रेन या हिमनदीची भिंत येते, तासन्‌तास बाजूने जात राहावं इतकी लांब, वरून धबधबे थेट समुद्रात पडणारी. मग एडगेबेट, दक्षिण टोक आणि होर्नसुंडची खाडी.

दक्षिण टोकाला दोन समुद्र भेटतात आणि जहाज बहुधा तिथेच सगळ्यांत जास्त डोलतं. मळमळीची गोळी त्याआधी एक-दोन तास घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. अव्होमिन आणि स्टुजेरॉन इथे सहज मिळतात, पण दोन्हींनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकदा घरी घेऊन बघा म्हणजे किती पेंग येते ते कळेल. पोट रिकामं ठेवू नका, क्षितिजाकडे बघत राहा.

खाणं आणि बाकीचं

शाकाहारी जेवण आरक्षणाच्या वेळीच लिहून द्या. 'व्हेजिटेरियन' एवढ्याने भागत नाही, अंडं आणि मासा चालत नाही हे वेगळं सांगा. मटण-मांस, तूप, खवा, पेढे यातलं काही नॉर्वेत नेता येत नाही. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, मेतकूट, भाजके शेंगदाणे हे कोरडे प्रकार दोनशे ग्रॅमच्या सीलबंद पाकिटांत घ्या. केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली किंवा शेगडी लावू नका. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी आणि संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्यांनी घरच्या पंचांगाची वेळ धरावी. तिथलं आकाश या कामी साथ देत नाही.

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. जहाजावरचं उपग्रहाचं इंटरनेट महाग आणि बेभरवशाचं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. चार्जरची दोन गोल पिनांची पिन तिथे चालते, तीन पिनांची चालत नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची आतल्या खिशात अंगालगत ठेवा.

एजंटकडून पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा आयकर, कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच रिटर्न भरून परत मिळतो. मुलाने आई-वडिलांचे पैसे भरले असतील तर पावती कुणाच्या पॅनवर फाडायची ते पहिला हप्ता देण्याआधी ठरवा आणि वर्षअखेरीस आयकर खात्याच्या संकेतस्थळावर त्या पॅनखाली रक्कम दिसते का ते तपासा.